त्या दिवशीचा होकार

११ फेब्रुवारी

आज दुपारभर मी एका परक्या माणसाच्या सांगण्यावरून पट्ट्या दाबत बसले होते. आमच्या चर्चमधला ऑर्गन बरेच दिवस दम्याच्या पेशंटसारखा धापा टाकत होता. शेवटी फादरनी दुरुस्त करणारा बोलावला. तो आत, लाकडी पेटाऱ्याच्या पोटात. बाहेर कोणीतरी एकेक पट्टी दाबून धरायची, तेव्हा कुठे त्याला आत त्या नळीचा सूर लावता येतो. फादर म्हणाले, "तुझे हात स्थिर असतात, तूच बस." कवळ्या बनवणाऱ्या बाईचे हात स्थिर असावेच लागतात. दाताची छटा जराशी चुकली तरी म्हातारी माणसं आरशात बघून रडतात.

"पुढची," आतून आवाज यायचा. "धरा. अजून धरा. सोडा."

चेहरा अगदी शेवटी दिसला. भुवयांवर धूळ, शर्टाला भात्याच्या चामड्याचा वास. म्हणाला, "बाई, तुम्ही घाई करत नाही. बहुतेक लोक सूर लागायच्या आधीच बोट काढतात."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आपल्यातला आहे का?"

"नाही, पुलापलीकडच्या मंडळीतला. त्यांच्यात फादर नसतात, पाळक असतात."

"मग त्याला आपल्या ऑर्गनचं काय कळणार," असं म्हणून त्यांनी मी केलेल्या कवळीने सफरचंदाचा मोठा लचका तोडला.

लिहायची सवय केव्हाच मोडली होती. आज वही का उघडली, कोण जाणे.

४ मार्च

ऑर्गन बरा झाला, तरी तो माणूस दर शनिवारी तपासायला येतो. कामाच्या बाबतीत फार काटेकोर दिसतो. पट्ट्या धरायला मीच लागते, कारण त्याला माझ्या हाताची सवय झाली आहे म्हणे.

आज विचारलं, "घरी कोण कोण?"

"सासू."

"आणि?"

"आणि मी."

मग सांगावंच लागलं. नवरा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, दोघींना बोलावून घेतो म्हणाला, आणि बोलावण्याऐवजी घटस्फोटाचे कागद आले. तिकडे त्याचं दुसरं घर आहे, एक लहान मुलगी आहे. कागद आले त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, "मुलगा गेला तो गेला, सून मी कुठे जाऊ देत नाही." तेव्हापासून आम्ही दोघी.

"म्हणजे तुम्ही मोकळ्या आहात की नाही?"

"कोर्टाला विचारलं तर आहे. चर्चला विचारलं तर नाही."

त्याने हातातला स्क्रू पुन्हा होता तिथेच बसवला. त्याची बायको आजारपणात गेली. त्याला काही मोकळं व्हावं लागलं नाही, तो नुसता एकटा झाला. हे त्याचे शब्द.

२१ मार्च

सासूबाई वाटाणे सोलत होत्या आणि काहीच कारण नसताना त्यांना माझ्या लग्नाचा दिवस आठवला. "मोठमोठ्यानं गात दाढी करत होता तो. गालाला कापून घेतलं. फोटोत बघ, गालावर पट्टी आहे." मग एक शेंग कचकन मोडली. म्हणाल्या, "मेल्याचा आवाज मात्र चांगला होता."

इतक्या वर्षांत एकच प्रश्न मला सोडत नाही, आणि तो विचारणार कोणाला? तो कधी माझा होता का? की पहिल्यापासूनच नव्हता आणि मलाच कळलं नाही? सोडून गेल्याचं दुःख एक वेळ गिळता येतं. पण आधीची वर्षंही खोटी होती का, हा घास घशाखाली उतरत नाही.

८ एप्रिल

आज त्याने विचारलं. पेटाऱ्याच्या आतून विचारलं, चेहरा न दाखवता. "बाई, आपण दोघं एका घरात राहिलो तर?"

मी पट्टी दाबूनच बसले. तो सूर चर्चभर घुमत राहिला.

"सोडा," तो म्हणाला. "उत्तर आज द्यायचं नाही."

१६ एप्रिल

त्याच्या पाळकांकडे गेले होते. घरात पुस्तकंच पुस्तकं, आणि त्यांच्या बायकोने माझ्यापुढे इतका चहा ठेवला की जणू मी उपाशी आले होते. पाळकांनी बायबलातली दोन शुभवर्तमानं शेजारी शेजारी उघडली. मार्कमध्ये येशू सरळ सांगतो, देवाने जोडलेलं माणसाने तोडायचं नाही. मत्तयात तेच बोलणं येतं, पण मध्ये एक अपवाद आहे, व्यभिचाराचा. "हा अपवाद प्रभूने उगाच ठेवलेला नाही," ते म्हणाले. मग पौलाचं पत्र उघडलं. सोडून जाणारा गेला, तर मागे राहिलेला बांधलेला नाही. "तुमचा नवरा गेला. दुसरीबरोबर राहतो. बाई, तुम्ही मोकळ्या आहात. आम्ही तुमचं लग्न आनंदाने लावू."

पुलावरून येताना पायाखाली जमीन नाही असं हलकं वाटत होतं. पूल संपला आणि ते हलकेपण उतरलं. मला त्यांचं म्हणणं पटलं. पण पटलेलं सगळंच आपलं होत नाही.

१८ एप्रिल

फादरनीही तीच दोन पानं उघडली. तीच वाक्यं. माझीच मती गुंग व्हायची वेळ आली.

"तो अपवादाचा शब्द आम्ही वेगळा वाचतो," ते म्हणाले. "जे मुळात लग्नच नव्हतं, अशा संबंधांबद्दल तो आहे. आणि पौलाचं ते वाक्य विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदारासाठी आहे. तुझ्या नवऱ्याचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला. खरं लग्न झालं असेल तर ते मरेपर्यंत उभं असतं, एकजण पळाला तरी."

"आणि मी दुसरं केलं तर?"

"तर मिस्सात ख्रिस्तशरीराची भाकर घ्यायला तू वेदीपुढे येऊ शकणार नाहीस."

इथे मला रडू आलं, आणि त्याचं मलाच नवल वाटलं. नवरा गेला तेव्हा इतकं आलं नव्हतं.

फादरनी दोन्ही पानं मिटली. मग म्हणाले, एक वाट आहे. धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या न्यायालयात अर्ज करायचा. हा घटस्फोट नव्हे. लग्नाच्या दिवशी त्याचा होकार मनापासून नव्हता, दडपणाखाली होता, असं सिद्ध झालं, तर ते लग्न झालंच नव्हतं असा निवाडा मिळतो. "पण साक्षीदार लागेल. त्या दिवशी त्याच्या मनात काय होतं, हे जाणणारं कोणी."

असं माणूस जगात एकच आहे, आणि ते माझ्या घरी वाटाणे सोलतं.

२ मे

सासूबाईंना सांगायला मला इतके दिवस लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझं लग्न झालंच नव्हतं असं म्हणायचं?"

"हो."

"मग मी तुझी कोण?"

मी हातातलं भांडं पुसतच राहिले. त्या उठून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या. खाली आल्यावर म्हणाल्या, "माणूस कसा आहे?"

"घाई करत नाही."

"हं," म्हणाल्या. "साक्षीला नाव नोंदव माझं."

२० मे

आमच्या दातांच्या दवाखान्यात आज एक दाढीवाले धर्मगुरू कवळीच्या मापासाठी आले होते. ऑर्थोडॉक्स चर्चचे, वयाने ऐंशीच्या घरात, बायकोला बरोबर घेऊन. त्यांच्यात धर्मगुरू लग्न करून संसार करतात. डॉक्टर फोनवर होते तेवढ्यात मी धीर करून विचारलं, आमच्या नात्यातल्या एका बाईचा प्रश्न आहे म्हणून. त्यांच्या तोंडात माप घ्यायचा लगदा होता. तो घट्ट होईपर्यंत दोघांनाही थांबावं लागलं.

तोंड मोकळं झाल्यावर म्हणाले, "नियम आमच्याकडेही तोच. लग्न एकच. पण पडलेल्या माणसाला नियम काठीसारखा मारायचा की टेकायला द्यायचा? आम्ही दुसरं लग्न लावतो. मात्र त्या प्रार्थनांमध्ये गाणं कमी आणि क्षमा जास्त असते."

त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्या नात्यातल्या बाईला सांगा, जेवत जा म्हणावं. वाळली आहे."

आता ऑर्थोडॉक्स व्हायला मी काही निघाले नाही. पण एका वाक्याला तीन दारं आहेत, आणि ज्या दारातून मला जायचंय तेच नेमकं कुलूपबंद, असं वाटलं खरं.

१० जून

ऑर्गनवाल्याशी पहिलं भांडण. मी म्हटलं, "तुम्हाला काय, तुमच्यात ती भाकर म्हणजे नुसती आठवण."

"नुसती नव्हे," तो म्हणाला. "बायको गेल्यावर मी आठवणीवरच जगलो."

"आठवणीने भूक भागत नाही. मला लहानपणापासून शिकवलंय की त्या भाकरीत ख्रिस्त स्वतः असतो. तुमच्यासाठी त्याला सोडायचं?"

तो कितीतरी वेळ भात्याची शिवण चाचपत राहिला. मग म्हणाला, "मी कोणाला सोडायला सांगत नाही. तुमचा निवाडा येऊ द्या."

रागावला असता तर बरं झालं असतं. मला त्याच्यावर रागावता आलं असतं.

६ जुलै

सासूबाईंची साक्ष झाली. आत त्या, न्यायाधीश फादर आणि लिहून घेणारा एक कारकून. मी बाहेर बाकावर. पवित्र पुस्तकावर हात ठेवून शपथ घ्यायची असते. बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, साखर उतरली. लिंबूपाणी दिलं, ते तसंच ठेवलं.

"काय विचारलं?"

"जे बोलायचं ते बोलले," म्हणाल्या. बसमध्ये सगळा वेळ खिडकीकडे तोंड.

३० जुलै

गेले काही रविवार सासूबाई ख्रिस्तशरीर घ्यायला उठत नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. मी म्हटलं, फादरना सांगू, ते बाकापाशी आणून देतील. एकदम अंगावर आल्या, "काही गरज नाही." आणि दुपारी ओल्या चादरींची बादली घेऊन गच्चीवर गेल्या. म्हातारपणात हट्टाला काही अर्थ नसतो. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

२२ ऑगस्ट

न्यायालयाच्या कचेरीत जाऊन सासूबाईंचा जबाब वाचला. अर्जदाराला तो वाचता येतो. त्यांनी सांगितलंय की लग्नाच्या दिवशी सकाळी तो रडत होता, मला हे लग्न नको म्हणत होता, आणि त्यांनीच त्याला गळ्याची शपथ घालून उभं केलं.

मला हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. गाणं म्हणत दाढी करत होता, असं त्याच म्हणाल्या होत्या. पण माणसं रडणं लपवायलाही गातात. मी त्यांच्या जागी असते तर मीही सुनेला ते रडणं सांगितलं नसतं.

कारकून म्हणाला, असा जबाब असेल तर निकाल तुमच्या बाजूने जायला हरकत नाही. आता फक्त नवऱ्याचं म्हणणं यायचं राहिलंय.

चालत घरी आले. मोकळं वाटायला हवं होतं. उलट जुन्या घरावरचं छप्पर कोणी उचलून नेल्यासारखं झालं. म्हणजे नव्हताच तर. पहिल्या दिवसापासून नव्हता. जो प्रश्न मी कोणाला विचारला नाही त्याचं उत्तर मिळालं, आणि ते उत्तर मला हवं होतं, कारण त्याच्यामुळे मी सुटणार. मग घरी येऊन कुकर लावता लावता मी का रडले?

ऑर्गनवाल्याला सांगितलं. तो आनंदला नाही. "इतकी वर्षं झालीच नाहीत असं म्हणायचं?" म्हणाला. "माझ्याने नसतं झालं."

१४ ऑक्टोबर

तो आला होता. नवरा म्हणू की काय म्हणू. जबाब द्यायला शहरात आला आणि परस्पर जाण्याऐवजी घरी आला. केस पांढरे झालेत. सासूबाई आपल्या खोलीत गेल्या आणि दार ओढून घेतलं, पण कडी लावल्याचा आवाज आला नाही.

स्वयंपाकघरात तो उभा राहिला. मी बसा म्हटलं. इतक्या वर्षांनी तोंडातून ‘तुम्ही’च निघालं.

"जबाब देऊन आलो," तो म्हणाला. "तुला आधी सांगावं म्हणून आलो. मी ‘हो’ सांगितलं."

"कशाला हो?"

"त्यांनी विचारलं, त्या दिवशी मनापासून होकार दिला होता का. मी हो म्हटलं. कोणी दडपण आणलं का, नाही म्हटलं. आई असं का बोलली, मला माहीत नाही. मी कशाला रडेन? मला तू हवी होतीस."

मी ओट्यावरचा गॅस बंद केला.

"मला कळतं," तो म्हणाला, "‘नाही’ म्हटलं असतं तर तू सुटली असतीस. मीही सुटलो असतो, तिकडची ती चर्चमध्ये लग्न कर म्हणून केव्हापासून मागे लागली आहे. पण पुस्तकावर हात ठेवला होता. पुढे मी घाण केली, ती माझी. आयुष्यात एक गोष्ट खरी केली होती, तीही खोटी होती म्हणू?"

ज्या वाक्याची मी इतकी वर्षं वाट पाहिली ते आज माझ्या स्वयंपाकघरात आलं, आणि माझं दार लावून गेलं.

पाणी दिलं. तो प्यायला. आईच्या दाराशी जाऊन उभा राहिला, "आई, येतो," म्हणाला. मग निघाला.

संध्याकाळी सासूबाई बाहेर आल्या, माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "त्याला विचारलंस ना? आता मला विचारू नकोस."

मी नाही विचारलं. गुडघ्यांचं सगळं एकदम लक्षात आलं. ज्या बाईने आयुष्यात शेजारणीचं वाटीभर पीठ परत करायला उशीर केला नाही, ती माझ्यासाठी पुस्तकावर हात ठेवून खोटं बोलली होती. आणि मग त्या हाताने ख्रिस्तशरीर घ्यायला धजावली नाही.

२१ ऑक्टोबर

"गुडघे बरे आहेत," सासूबाई म्हणाल्या. "फादरकडे पापनिवेदनाला जायचंय." मी बाहेर थांबले. आल्या त्या फणकाऱ्यात. "शिक्षा फार हलकी दिली. मला रागच आला." थोडं चालून म्हणाल्या, "सोमवारी त्या न्यायालयात जाऊन जबाब दुरुस्त करायचाय. तू येऊ नकोस, मला लाज वाटेल."

"आई, माझ्यासाठी एवढं..."

"तुझ्यासाठी कुठे? मला त्या घाई न करणाऱ्या माणसाला बघायचं होतं."

२४ नोव्हेंबर

निवाडा आला. लग्न खरं होतं. खरं आहे. वरच्या न्यायालयात जाता येतं म्हणाले. जाऊन सांगू काय? की त्याने माझ्यावर प्रेम केलं नव्हतं?

ऑर्गनवाल्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा माझ्या शेजारी बसला, पट्ट्यांसमोर. आम्ही दोघांनीही काही वाजवलं नाही.

"मला थांबता येतं," तो म्हणाला. "थांबण्यातच जन्म गेला. पण खरं सांगू? थांबता थांबता म्हातारं व्हायचं नाही मला. तुमच्याबरोबर व्हायचंय."

१० डिसेंबर

या रविवारी रांगेत उभी होते तेव्हा कळलं की मी निरोप घेते आहे. जिभेवर ती पातळ भाकर विरघळेपर्यंत तोंड हलवलं नाही. लहानपणी शिकवतात तसं.

नंतर फादरना सांगितलं की पुलापलीकडे लग्न करते आहे. त्यांनी मला अडवलं नाही. "मी तिकडे आशीर्वाद द्यायला येऊ शकत नाही. पण बाकावरची तुझी जागा तुझीच आहे. ती सोडू नकोस."

"आणि भाकर?"

"नाही," ते म्हणाले. हे म्हणताना त्यांचा आवाज माझ्यापेक्षा बारीक झाला होता.

पाळकांचं खरं की फादरचं? मी दोन्ही पानं इतक्या वेळा वाचली की कडा मऊ झाल्या. मला वाटतं, दोघंही त्या वाक्यावर प्रेम करतात. एकाला वाक्य मोडू द्यायचं नाही, एकाला माणूस मोडू द्यायचा नाही. मी या दोघांच्या मधे उभी आहे आणि मला दोन्हीकडे जायचंय.

१३ जानेवारी

लग्न झालं. पुलापलीकडच्या साध्या सभागृहात. मला आत कोणी घेऊन जायचं असा प्रश्न होता. सासूबाई म्हणाल्या, "मी आहे ना." सुनेचं दुसरं लग्न सासूने हात धरून लावून द्यायचं, हे त्या मंडळीने पहिल्यांदाच पाहिलं असेल.

पाळकांनी रूथचं पुस्तक वाचलं. तू जाशील तिथे मी येईन, तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव. मग आम्हा दोघांकडे वळून म्हणाले, नवरा-बायकोने एकमेकांना असं वचन द्यावं.

पहिल्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला, चांगला खणखणीत. "ते नवऱ्याला म्हटलेलं नाही. ते सुनेने सासूला म्हटलंय."

सभागृह हसलं. पाळकही हसले, म्हणाले, "आजी, अगदी बरोबर. आज तर तुम्हीच त्याचा अर्थ सांगायला हवा होता."

मी हसले नाही. मेमध्ये सासूबाईंनी ‘मग मी तुझी कोण?’ असं विचारलं होतं, त्याला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पदराने चष्मा पुसत होत्या.

ऑर्गनवाला आता आमच्याकडेच राहायला येतोय. पहिल्या नवऱ्याच्या आईकडे घरजावई. लोकांना चघळायला पुरेल.

१४ जानेवारी

सकाळी आमच्या चर्चमध्ये मिस्साला गेलो. तिघंही. त्याला यायची गरज नव्हती, तरी आला.

घंटा वाजली, बाकं रिकामी होऊ लागली. आमच्या रांगेतले लोक आमच्या गुडघ्यांना वळसा घालून पुढे गेले. सासूबाई उठल्या नाहीत.

"मीही बसते तुझ्याजवळ," त्या पुटपुटल्या.

"आई, तुम्ही जा."

"एकटीला गोड लागायचं नाही."

"माझ्या वाटचंही तुम्हीच घ्या," मी म्हटलं. "कोणीतरी जायला हवं."

त्या काठी टेकत गेल्या. रांगेत सगळ्यांत शेवटी. मी त्यांची पाठ बघत राहिले. माझ्या पोटात खरोखर भूक होती, सकाळपासून काही न खाल्ल्याची असते तशी. ती भागणार नव्हती, आणि ती नसती तर मला जास्त भीती वाटली असती, हेही तेव्हाच कळलं.

वर माळ्यावर कोणीतरी ऑर्गन वाजवत होतं. माझ्या नवऱ्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता.

"निघायचं का?" त्याने हळूच विचारलं. "बाहेर थांबू या?"

"नाही," मी म्हटलं. "सगळ्यांचं होईपर्यंत इथेच बसायचं."

तो बसून राहिला.